पांढरी चार

थोरल्याचा आवाज पहिल्यांदा चिरकला तो एका सूतगिरणीच्या स्नेहसंमेलनात, आणि ते थोरल्याला सोडून सगळ्या सभागृहाला कळलं. टाळ्या मात्र पडल्या. लोक भले होते, जेवणं व्हायची होती, आणि गाणारा माणूस छातीवर हात ठेवून इतका ठासून उभा होता, की बिघाड आपल्याच कानांत असावा असं पुढच्या रांगेला वाटलं.

त्याच्या मागे अकॉर्डियन घेऊन बसलेल्या धाकट्याला तसं वाटायचं कारण नव्हतं. तो त्याचा सख्खा भाऊ. या आवाजाच्या मागे भाता ओढत त्याचे केस पांढरे झाले होते.

बँड चौघांचा. गायला थोरला. अकॉर्डियनवर धाकटा. क्लॅरिनेट वाजवायचा एक शिंपी, त्याला सगळे शिंपीदादाच म्हणत. आणि ड्रमवर ठोक्या. ठोक्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे हा त्याचा धंदा. दिवसभर ठोकून हात भरत नाही म्हणून संध्याकाळीही ठोकतो, असं शिंपीदादा म्हणायचा.

थोरला नोकरीत होता तेव्हा बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचा. त्याने पुकारलेली गाडी चुकली असं कधी कुणी म्हणालं नाही. झोपलेला माणूस उठून चालू लागायचा, असा तो आवाज. निवृत्त झाला त्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की स्थानकाचा आवाज आज घरी चालला. थोरल्याने ते वाक्य जे मनात धरलं ते धरलंच. गुडघे गेले, दात गेले, नजर अधू झाली, त्याचं त्याला काही वाटलं नाही. आवाज आहे ना, म्हणायचा.

धाकटा शिलाईयंत्रं दुरुस्त करायचा. रस्त्याच्या कडेला अरुंद दुकान, पुढे फळी, फळीवर तेलाची बुधली आणि उघडी पडलेली यंत्रं. दोघा भावांची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायला काही निमित्त लागायचं. दोघांत बोलणं असं फारसं नव्हतंच. भांडण नव्हतं, वाटणीची कटकट नव्हती, बायकांचं एकमेकींशी बरं होतं. फक्त बोलायला विषय नव्हता. थोरला आठ वर्षांनी मोठा. धाकट्याला कळायला लागलं तेव्हा तो नोकरीला लागलेला, मिशा असलेला माणूस होता. त्या माणसाने एकदा जुनं अकॉर्डियन आणून याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, मला सूर धर. तेव्हापासून दोघांचं जे काही बोलणं झालं ते या सुराचं. कुठलं गाणं आधी, कुठलं मागून, कुठे थांबायचं, कुठे उचलायचं. आई गेली तेव्हासुद्धा दोघं ओसरीत शेजारी बसले होते आणि थोरला एवढंच म्हणाला होता, की परवाच्या कार्यक्रमाला निरोप पाठवायला हवा.

म्हणून धाकट्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बँड सुटला की भाऊ सुटला. नात्याने राहील, दारावरून जाताना हात करील, आजारपणात येऊन बसेल. पण सुटला.

आता इथे पट्टीचं थोडं सांगायला हवं. पेटी असो की अकॉर्डियन, पट्ट्या डावीकडून मोजायच्या, पांढऱ्या वेगळ्या आणि काळ्या वेगळ्या. ज्या पट्टीचा सा धरून माणूस गातो ती त्याची पट्टी. थोरल्याची पट्टी पांढरी चार. पुरुषाच्या गळ्याला ती उंचच, आणि म्हणून थोरल्याला तिचा अभिमान. कुणी नवा वाजवणारा भेटला की नावगाव सांगायच्या आधी तो पट्टी सांगायचा. ‘मी पांढरी चारचा.’ जसं कुणी आपलं घराणं सांगावं तसं.

सूतगिरणीच्या कार्यक्रमानंतर धाकट्याने जे केलं ते फार विचार करून केलेलं नव्हतं. पांढऱ्या चारच्या डावीकडे पांढरी तीन असते. मध्ये काळी पट्टी नाही, दोघी खांद्याला खांदा लावून बसलेल्या. पुढच्या कार्यक्रमात त्याने बोटं एक घर डावीकडे सरकवली. अर्धाच स्वर. थोरला लोकांकडे तोंड करून उभा, त्याची पाठ याच्याकडे. त्याने सूर ऐकला, तोच धरला, आणि वरच्या ओळीला आवाज असा गेला की ठोक्याने आनंदाने एक जादा झांज मारली. कार्यक्रम संपल्यावर थोरला रुमालाने मान पुसत म्हणाला, ‘बघितलंस? मध्ये जरा खवखव होती घशात. गेली.’

शिंपीदादा मात्र चिडला. पांढरी तीनमध्ये क्लॅरिनेटवर बोटं वाकडी पडतात, सोप्या जागा अवघड होतात, आणि याने आधी सांगितलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी धाकटा त्याच्या दुकानात गेला, ठोक्यालाही बोलावलं, आणि काय ते सांगून टाकलं. शिंपीदादा एका कोटाची शिवण उसवत होता. ऐकून घेतलं, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाला:

‘हा कोट बघ. या माणसाचं पोट सुटलंय. मी दरसाल शिवण थोडी सोडतो, त्याला सांगत नाही. तो म्हणतो, मला अजून लग्नातलाच कोट बसतो. पण आत कापड असतं किती रे? बोटभर. ते संपलं की मी काय करू?’

‘संपेल तेव्हा बघू,’ धाकटा म्हणाला.

‘तेव्हा नाही बघायचं. बँड कधी थांबवायचा हे कापड शिल्लक असताना ठरवायचं असतं.’

ठोक्याचं म्हणणं असं, की बँड आणि लग्न यांत फरक काय, दोन्हींत कोण कुणाला का सहन करतो हे विचारायचं नाही, ताल धरून राहायचं. शिंपीदादा म्हणाला, तुझी बायको तुला सहन करते कारण तू दिवसभर गॅरेजात असतोस. यावर हसणं झालं, चहा झाला, आणि थांबवायचं बोलणं तिथेच राहून गेलं. पुढेही ते तसंच राहत गेलं. कुणीतरी विषय काढायचा, कुणीतरी विनोद करायचा.

पांढरी तीन दोनेक वर्षं पुरली. मग काळी दोन. मग पांढरी दोन. प्रत्येक वेळी आधी आवाज दोनचार कार्यक्रम ओरबाडला जायचा, मग एके दिवशी धाकटा मागे वळून हळूच म्हणायचा, ‘आता उतरू या.’ तेवढा शब्द पुरे होता. शिंपीदादा मान हलवायचा, ठोक्या काठीवर काठी वाजवायचा, आणि तिघं मिळून थोरल्याच्या पायाखालची एक पायरी अलगद काढून घ्यायचे. तो वर उभा असल्यासारखाच उभा राहायचा. गाणी जड व्हायला लागली, दबल्यासारखी वाटायला लागली, लोक आता पहिल्यासारखे उठून नाचत नव्हते. थोरला म्हणायचा, लोकांनाच आता गाण्याचं काही राहिलेलं नाही.

शिंपीदादाला मोतीबिंदू झाला. ठोक्याची मुलगी दुसऱ्या गावी राहायला गेली होती आणि तिने आईबापांसाठी एक खोली रिकामी ठेवली होती. दोघं फक्त वाट बघत होते, कुणीतरी पहिलं बोलावं याची. धाकट्याला ते दिसत होतं. कार्यक्रमाला निघताना शिंपीदादा आता क्लॅरिनेटची पेटी उचलायच्या आधी क्षणभर तिच्याकडे बघत उभा राहायचा, आणि धाकटा आपलं लक्ष नसल्यासारखं करायचा.

शेवटचा कार्यक्रम शेवटचा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयातल्या एका साहेबांचा निरोप समारंभ होता. दुपारची वेळ, कार्यालयाचंच सभागृह, भिंतीला नळांचे नकाशे लावलेले. थोरल्याला आठवडाभर खोकला होता. दुसऱ्याच गाण्याला आवाज वरच्या ओळीच्या अलीकडे अडला आणि थोरल्याने ती ओळ लोकांकडे माइक करून त्यांच्याकडून म्हणवून घेतली. लोकांना गंमत वाटली. धाकट्याला नाही, कारण तिसरं गाणं मोठं होतं आणि त्यात ती सोय नव्हती.

ध्वनिक्षेपकवाला नवा होता, हौशी होता. गायकाला माइक असतो, पण अकॉर्डियनलाही असला पाहिजे असं त्याचं मत. त्याने मधल्या वेळात येऊन एक माइक धाकट्याच्या पुढ्यात, थेट हनुवटीखाली आणून ठेवला आणि खूण करून गेला. धाकट्याला वाटलं, अजून चालू केला नसेल. या चौघांना आयुष्यभर एकाच माइकची सवय. तो थोरल्याचा.

तो मागे वळला, आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, ‘दादाला आता नाही झेपायचं. उतरू या.’

चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून ते वाक्य सभागृहभर ऐकू गेलं. स्वच्छ, मोठं, थोड्या घुमाऱ्यासकट.

मागच्या रांगांतून हसू उठलं. निवृत्त होणारे साहेबही हसले, त्यांना वाटलं हा निरोप समारंभाचाच विनोद आहे. थोरला वळला नाही. त्याने माइक नीट त्याच्या दांड्यात अडकवला, कोटाचं वरचं बटण लावलं, आणि बाजूच्या तीन पायऱ्या गुडघ्यावर हात ठेवत उतरून दारातून बाहेर गेला. लोकांना वाटलं मध्यंतर झालं. ते चहाकडे वळले.

धाकटा तसाच धावला. पट्टे सोडायचं भान नव्हतं, अकॉर्डियन छातीवर, आणि प्रत्येक पावलाला भाता उघडमिट होऊन कण्हत होता. जिन्यात दोन कारकून बाजूला झाले. फाटकाशी त्याने थोरल्याला गाठलं.

थोरला रागात नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

‘लोकांसमोर कशाला सांगितलंस?’ तो म्हणाला. ‘घरी येऊन म्हणाला असतास, दादा, आता पुरे, आता उतर. मी काय नाही म्हटलं असतं?’

‘दादा, तसं नव्हतं ते. मी...’

आणि इथे धाकट्याच्या जिभेवर आलेला शब्द तिथेच राहिला. मी तुला उतर म्हणालो नाही, पट्टी उतरू या म्हणालो. एवढंच सांगायचं होतं. पण मग थोरला विचारणार, पट्टी कशाला उतरवायची? मी पांढरी चारचा. मग सांगावं लागणार की तू पांढरी चारचा राहिला नाहीस. कधीपासून? पुष्कळ दिवस झाले. म्हणजे एका घावातून सोडवायला दुसरा घालायचा. भावाने मला खाली ओढलं, पण माझा आवाज शाबूत आहे, असं समजून हा माणूस घरी चालला होता. त्याच्याकडून आवाज काढून घ्यायचा की भाऊ, एवढाच प्रश्न होता, आणि दोन्ही त्याचेच.

‘मी काय?’ थोरल्याने विचारलं.

‘काही नाही,’ धाकटा म्हणाला.

थोरल्याने मान डोलावली आणि चालू लागला. धाकट्याने अकॉर्डियनचा पट्टा घट्ट केला, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

बँड असा सुटला. शिंपीदादाने क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं आणि डोळ्याचं ऑपरेशन उरकून घेतलं. धाकटा भेटायला गेला तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तो खाटेवर पडला होता, आणि गेल्या कित्येक वर्षांत दिसला नव्हता इतका खुशीत होता. म्हणाला, ‘वाईट झालं रे. पण झालं ते बरं झालं.’ ठोक्या मुलीकडे गेला. जाताना ड्रम घेऊन नाही गेला. तिथे नातू आहे, म्हणाला, त्याची झोपमोड होईल. दोघांनाही धाकट्याने विचारून पाहिलं की दादाला खरं सांगावं का. दोघांनीही आपापल्या परीने एकच उत्तर दिलं, की त्यात आम्हाला घेऊ नकोस.

थोरला दारावरून जाताना हात करायचा. नात्याने राहिला.

काही दिवसांनी वहिनी दुकानात आली. पदराखालून तिने शिलाईयंत्राची बॉबिन केस काढली आणि फळीवर ठेवली. धागा तुटतो म्हणाली. धाकट्याने केस हातात घेऊन पाहिली. तिला काहीही झालं नव्हतं.

‘भावजी,’ वहिनी म्हणाली, ‘हे म्हणतात तुम्ही यांना उतरवलंत.’

धाकटा स्क्रू उगीच फिरवत बसला.

‘मी घरात ऐकते हो. भांडी घासताना ऐकते. यांच्या गळ्यात वरचं काही राहिलेलं नाही हे मला तुमच्याआधी कळलं असेल. तुम्ही तिघं काहीतरी करत होतात. काय ते मला सांगू नका. मला त्यातलं कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण यांना सांगू नका एवढंच. सकाळी उठतात, तोंड धुतात आणि आरशासमोर एकदा आ करून बघतात. आवाज आहे, म्हणतात. मग चहा घेतात. त्यांनी काय बघून उठायचं?’

‘मग मी वाईटच राहायचं?’

‘तुम्ही धाकटे ना,’ वहिनी म्हणाली. त्यात उपहास नव्हता, समजावणंही नव्हतं. जसं घरात वाटणी ठरलेली असावी. तिने बॉबिन केस परत घेतली. ‘झालं ना दुरुस्त?’

‘झालं,’ तो म्हणाला.

इथपर्यंतही एक वेळ निभावलं असतं. धाकट्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, की आवाज दादाकडे राहू दे. पण आवाज जवळ असलेला माणूस गप्प किती दिवस बसणार? बसस्थानकाजवळ मुलांमुलींचा एक नवा बँड होता, एका बंद पडलेल्या गोदामात सराव करायचा. थोरला तिथे जाऊन त्यांना म्हणाला, तुमच्याकडे गाणारा नाही, माझ्याकडे वाजवणारे नाहीत. मुलांनी त्याचं नाव घरात ऐकलेलं. त्यांनी आदराने बसवलं, आणि येत्या रविवारी सरावाला या म्हणाली. हे धाकट्याला त्याच्या बायकोने सांगितलं, आणि तिला वहिनीने. वहिनीने सांगताना म्हणे हातातलं काम थांबवलं नव्हतं.

धाकट्याला जेवण जाईना. तिथे कुणाला ठाऊक असणार? थोरला जाणार, छातीवर हात ठेवणार, पांढरी चार म्हणणार, आणि ती मुलं खरोखरच पांढरी चार देणार.

शनिवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो गोदामात गेला. कीबोर्ड वाजवणारी मुलगी एकटीच होती, वायरी गुंडाळत होती. त्याने आपण कोण ते सांगितलं आणि मग अडखळत अडखळत बाकीचंही. तिने वायरी खाली ठेवून ऐकलं.

‘काका, हे बटण बघा,’ ती म्हणाली. ‘हे एकदा दाबलं की सगळं वाद्य अर्धा स्वर उतरतं. बोटंसुद्धा बदलावी लागत नाहीत. एका क्षणाचं काम आहे.’

‘मग बाई, तेवढं कर. चार वेळा दाब.’

‘त्यांना सांगून?’

‘सांगितलं तर दाबून उपयोग काय?’

मुलगी वाईट नव्हती. उद्धटही नव्हती. तिने बटणावरून बोट काढून घेतलं. मग म्हणाली, ‘मला नाही जमणार हो. ते माझ्यावर विसंबून उभे राहणार, आणि मी त्यांना माहीत नसताना... आम्ही एकमेकांत असं नाही करत. फार तर मी त्यांना विचारीन, खाली घेऊ का म्हणून.’

‘तो नाही म्हणेल.’

‘मग नाहीच,’ ती म्हणाली.

धाकटा परत आला. वाटेत त्याला तिचा राग आणता आला नाही, हेच अवघड झालं. आम्ही एकमेकांत असं नाही करत. हे ती इतकं सहज म्हणाली होती, जणू तिच्या लेखी दुसरा काही मार्गच नसतो. आपल्या चौघांचा बँड होता की एक माणूस आणि त्याला सांभाळणारे तिघं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. आणि सांभाळत होते ते तरी त्याला की आपल्याला? सूतगिरणीच्या त्या दिवशी कुणी सरळ म्हणालं असतं, दादा, तुझा आवाज वर जात नाही, तर थोरल्याने दोन महिने तोंड फिरवलं असतं, मग कदाचित खालच्या पट्टीत मुकाट्याने, शहाणपणाने गायला असता. किंवा थांबला असता, चांगला थांबला असता. तेव्हा सांगता आलं असतं. आता त्या एका न सांगितलेल्यावर इतकी वर्षं रचली होती, की ते काढायचं तर सगळंच खाली येणार.

रविवार गेला. सोमवारी दुपारी धाकटा एका यंत्राचं चाक काढून बसला होता तेव्हा फळीवर सावली पडली. थोरला उभा होता. कोट घातलेला, बँडचा.

‘आत येऊ का?’ त्याने विचारलं. सख्खा भाऊ असं विचारत होता. धाकट्याने स्टुलावरचे भाग उचलून जागा केली.

थोरला बसला. तेलाच्या बुधलीकडे बघतच त्याने सांगितलं. मुलं चांगली आहेत, वाजवतात छान. मुलीने पांढरी चार दिली, स्वच्छ दिली. खालच्या ओळी झाल्या. आणि वरची ओळ आली तेव्हा गळ्यातून नुसती हवा आली. पुन्हा घेतली, पुन्हा हवा. मुलीने विचारलं, काका, खाली घेऊ का? तेव्हा बाकीची पोरं जमिनीकडे बघायला लागली.

धाकट्याच्या हातातलं चाक कधी खाली ठेवलं गेलं ते त्याला कळलं नाही. आता हा विचारणार, असं त्याला वाटलं. आता सगळं विचारणार. एका अर्थी त्याला सुटल्यासारखं झालं. विचारलं की सांगायचं, वहिनीला काय वाटायचं ते वाटो.

पण थोरला विचारायला आला नव्हता. तो रात्रभर जागून उत्तर घेऊनच आला होता.

‘मला कळलं ते,’ तो म्हणाला. ‘तो आवाज माझा एकट्याचा नव्हता रे. आपल्या चौघांचा होता. तुम्ही मागे असलात की लागतो, नसलात की नाही लागत. त्या पाण्याच्या ऑफिसात दुसऱ्या गाण्यापर्यंत लागत होता की नाही? तीन महिन्यांत काय जाणार? तुझ्या सुरातच काहीतरी होतं. दुसऱ्या कुणाच्या पांढऱ्या चारमध्ये ते नाही.’

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि सगळं मिळून साफ खोटं होतं.

‘तू त्या दिवशी जे बोललास ते मी मनातून काढलंय,’ थोरला म्हणाला. ‘माझा खोकला बघून तुला वाटलं असेल. माणूस चुकतो. मी तुला माफ केलंय, बघ.’ आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. हात लांब करून धाकट्याच्या गुडघ्यावर ठेवला. ‘पुन्हा सुरू करू. या वेळी थांबायचं नाही. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. बोलव दोघांना.’

धाकट्याने हळूहळू सांगितलं, की शिंपीदादा आता क्लॅरिनेटला हात लावणार नाही, आणि ठोक्या मुलीकडे गेला तो गेला.

‘मग आपण दोघं,’ थोरला म्हणाला. ‘सुरुवातीला दोघंच होतो की. काढ.’

अकॉर्डियन मागच्या कपाटावर होतं. धाकट्याने ते उतरवलं, धूळ झटकली, पट्टे खांद्यांवर घेतले. बाहेर रस्ता आपल्या कामात होता. थोरला स्टुलावरून उठला आणि सवयीने पाठ करून, दुकानाच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. समोर ऐकायला कुणी नव्हतं. एक बाई पिशवी घेऊन चालली होती, तिने आत पाहिलं आणि गेली.

‘पांढरी चार,’ थोरला म्हणाला.

धाकट्याची बोटं पांढऱ्या चारवर होती. खरंच होती. अंगठा टेकलेला. एकदा दाबलं असतं तर काही सांगावं लागलं नसतं, सगळं आपोआप कळलं असतं. माझ्या सुरातही ते नाही, कुणाच्याच नाही. त्याच्या गुडघ्यावर अजून त्या हाताची ऊब होती. त्याने बोटं डावीकडे नेली, पांढरी दोनच्याही खाली, काळी एकवर, आणि भाता ओढला.

थोरल्याने डोळे मिटले, सूर ऐकला आणि उचलला. आवाज घोगरा होता, कडेला फाटलेला, पण बसला. खालच्या ओळी झाल्या. वरची ओळ आली. थोरल्याचा हात छातीवर गेला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि तो वरचा स्वर कसाबसा, अगदी टोकाला लागून, आला.

तो वळला. चेहऱ्यावर इतका आनंद होता की धाकट्याला तिकडे बघवेना.

‘आला!’ थोरला म्हणाला. ‘म्हटलं नव्हतं? अरे, अजून वर जाईल. घे, अर्धा स्वर वर घे.’ आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

धाकट्याने हात उचलला, पट्ट्यांवरून उगीच एकदा इकडून तिकडे फिरवला, भाता पुरता मिटून पुन्हा उघडला, आणि तीच काळी एक दाबली.

‘हां,’ थोरला म्हणाला, ‘आता कसं.’

या खेपेला खालच्या ओळींनाच आवाज दमला. वरच्या ओळीला तो गेला, अर्ध्यात तुटला, आणि मागून खोकला आला. थोरला दाराची चौकट धरून बराच वेळ खोकत राहिला. धाकटा सूर धरून बसला होता. सोडावा की धरून ठेवावा ते त्याला ठरवता येईना. काळी एकच्या खाली पांढरी एक होती. तिच्याही खाली सरकता आलं असतं थोडं, पण तिथे थोरल्याच्या खालच्या ओळी जमिनीला टेकल्या असत्या. म्हणजे फार नव्हतं. पावसाळ्यापर्यंत, फार तर त्या पुढच्या थंडीपर्यंत. आणि तोवर हा रोज येणार होता, विश्वासाने पाठ करून उभा राहणार होता.

‘आज एवढं पुरे,’ थोरला म्हणाला. डोळे पुसले, कोटाचं बटण लावलं. ‘सवय मोडलीय नुसती. उद्या किती वाजता येऊ?’

‘केव्हाही ये, दादा,’ धाकटा म्हणाला. ‘मी इथेच असतो.’